गणपतीला गाडीने कोकणात: दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की फोन सुरू होतात. पहिला डोंबिवलीतल्या चुलतभावाचा, मग विरारच्या आतेबहिणीचा, मग पुण्याच्या जावयांचा. प्रश्न तेच, माणसं बदलतात. माझं गाव कणकवली तालुक्यात. दोन वर्षं सोडली तर दर गणपतीला मी स्वतः गाडी चालवत गेलो आहे, म्हणून सगळे मला विचारतात. यंदा उत्तरं एकदाची लिहून काढली. खाली क्रमांक दिले आहेत, तेव्हा एका उत्तरात अर्धीच गोष्ट दिसली तर पुढच्या क्रमांकावर जा.

1. रेल्वे असताना गाडीच कशाला?

तिकीट मिळत असेल तर खुशाल रेल्वेने जा, पाठीला आराम. पण नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. शिवाय घरातल्या सहा माणसांपैकी दोघांची तिकिटं पक्की आणि चौघं प्रतीक्षायादीत, हा प्रकार सगळ्यांनी अनुभवलेला आहे. गाडीचा खरा उपयोग गावात पोचल्यावर कळतो. भटजींना आणायचं, आजीला तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं, रात्री पलीकडच्या वाडीत भजनाला जायचं, तेव्हा दाराशी गाडी असली की सगळं घर खूश असतं.

2. निघायचं कधी? हे एकच नीट सांगा.

निघायचं नंतर ठरवा. आधी गावच्या घरी विचारा, आम्ही कधी हवे आहोत. माटवी (मूर्तीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला, मखर उभं करायला, मूर्ती गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून आणायला माणसं लागतात. चतुर्थीच्या सकाळी साडेअकराला पोचून ‘आरती झाली का?’ विचारणारा पाहुणा कोणाच्याच कामाचा नसतो. आमचे काका फोनवर एवढंच म्हणतात, ‘आदल्या दिसाक दुपारच्या जेवणाक येवा.’ त्या जेवणावरून मी मागे हिशेब करतो.

2026 मध्ये चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार सलग सुट्टी आणि शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर अख्खी मुंबई पनवेलजवळच्या पळस्प्याच्या दिशेने, जिथून कोकणचा महामार्ग सुरू होतो. शुक्रवारी दुपारी चारपासून शनिवारी दुपारपर्यंत रस्त्यावर असणं टाळा. शुक्रवारची रजा टाका आणि त्याच पहाटे तीन-साडेतीनला घर सोडा. पेण अंधारात पार व्हायला हवं आणि माणगाव दुकानं उघडायच्या आत. रजा मिळतच नसेल तर शनिवारी संध्याकाळी घरी झोपा आणि रविवारी पहाटे निघा. आदल्या दिवशीचं दुपारचं जेवण हुकेल, रात्रीचं मिळेल.

3. पण आम्ही तर नेहमी रात्री दहाला निघतो. मुलं झोपतात, ऊन लागत नाही.

मुलं झोपतात हे खरं. चालवणाऱ्यालाही झोप येते, अडचण तिथे आहे. दिवसभर काम करून रात्री दहाला स्टिअरिंगवर बसलेला माणूस पहाटे चारच्या सुमाराला संगमेश्वरच्या आसपास असतो. पाऊस, समोरून येणारे प्रखर दिवे, अर्धवट काम झालेल्या पुलाशी अचानक डावीकडे वळणारा रस्ता. एका वर्षी मी याच वेळी, याच पट्ट्यात सेकंदभर डोळे मिटले. बायकोने हाक मारली तेव्हा गाडी पिवळ्या ड्रमांच्या वितभर अंतरावर होती. त्यानंतर मी रात्रीचा प्रवास बंद केला. पहाटे तीनला निघणं वेगळं, कारण तुम्ही आठ वाजता झोपून उठलेले असता. दोन चालवणारे असतील आणि दोघंही खरोखर झोप काढलेले असतील तर रात्रीचं तुमचं तुम्ही ठरवा.

4. किती तास धरायचे, आणि खोळंबा नक्की कुठे होतो?

मुंबईहून अंतरं साधारण अशी: चिपळूण 250 किलोमीटर, रत्नागिरी 340, कणकवली 450, सावंतवाडी 500 च्या घरात. एरवी डोंबिवलीहून कणकवलीला मला जेवणखाण धरून नऊ-दहा तास लागतात. गणपतीच्या गर्दीत बारा लागले तर लवकर पोचलो म्हणतो, सोळाही लागले आहेत.

हा राष्ट्रीय महामार्ग 66, जुन्या माणसांचा 17 नंबर. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवत गावी जातात, आणि वडखळ, कोलाड ही नावं अजून वाहतुकीच्या बातम्यांत असतात. सर्वांत वाईट जागा माझ्या मते इंदापूर आणि माणगाव. महामार्ग थेट बाजारातून जातो, त्यात ताम्हिणीवरून उतरलेले पुणेकर माणगावातच येऊन मिळतात.

महाडच्या पुढे पोलादपूर आणि मग कशेडी. इथे खरा दिलासा आहे. सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याची एक बाजू 2023 च्या गणपतीत पहिल्यांदा हलक्या वाहनांना उघडली आणि घाटातली वळणं वाचली. ज्यांची मुलं घाटात ओकतात त्यांना याची किंमत विचारा. पुढे परशुराम घाटात जोराचा पाऊस असेल तर दरडीची बातमी बघूनच खेड सोडा. चिपळूणनंतर संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा इथे उड्डाणपुलांच्या कामांमुळे बाजूच्या रस्त्यावर उतरावं लागतं. एकदा खारेपाटण ओलांडलं की सिंधुदुर्गातला रस्ता मोकळा आणि चांगला आहे. तिथे वेग वाढवायचा मोह होतो, आणि गुरं नेमकी तिथेच रस्त्यात बसलेली असतात.

5. पुणे-कोल्हापूरवरून फिरून जाऊ का? लांब पडेल ना?

हे तुमचं गाव कुठे आहे त्यावर आहे, सरसकट उत्तर नाही.

चिपळूणकरांनी साताऱ्यापुढे उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरावा. लांजा, रत्नागिरीवाल्यांनी कराडहून शाहूवाडीजवळचं मलकापूर गाठून आंबा घाट घ्यावा, साखरप्यावरून हातखंब्याला निघता येतं. कणकवली, देवगड, मालवणला कोल्हापूरहून फोंडा घाट किंवा गगनबावड्याहून करूळ घाट. सावंतवाडीला निपाणी, आजरा, आंबोली. कणकवलीसाठी हा फेरा मोजून चाळीस-पन्नास किलोमीटरच जास्त पडतो आणि गर्दीच्या दिवशी मी डोळे मिटून तोच घेतो. (म्हणजे डोळे उघडे ठेवून. 3 वाचलंत ना?)

दापोली, मंडणगड, खेडवाल्यांना या फेऱ्याचा उपयोग नाही. त्यांनी फार तर द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून पालीवरून वाकणला यावं, म्हणजे पेण-वडखळ टळतं. ही पाली रायगडातली, बल्लाळेश्वराची. लांज्याच्या अलीकडची वेगळी. नकाशात नुसतं ‘पाली’ टाकून भलतीकडे निघालेला एक मावसभाऊ आमच्याकडे आहे.

दोन गोष्टी निघायच्या आदल्या दिवशी बघा. एक, घाट उघडा आहे का. करूळ घाट 2024 मध्ये कामासाठी बंद होता आणि तरी लोक गगनबावड्यापर्यंत जाऊन परत फिरले. दुसरं, सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असेल तर कराडला अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.

6. टोलमाफीचा पास कुठे मिळतो? फास्टॅगमधून पैसे कापले तर?

दर गणपतीला राज्य सरकार कोकणात जाणाऱ्या गाड्यांना ठरावीक तारखांसाठी टोलमाफी जाहीर करतं. पास आरटीओत, वाहतूक पोलिसांच्या चौकीत आणि पोलीस ठाण्यात मिळतो. गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि प्रवासाच्या तारखा सांगायच्या. परतीलाही तोच चालतो, त्यामुळे गावी पोचल्यावर मुलांच्या हातात देऊ नका. एका वर्षी आमच्याकडे त्याची होडी झाली होती.

टोलनाक्यावर थांबून तिथल्या माणसाला पास दाखवा. नुसते निघालात तर फास्टॅग आपोआप कापला जाऊ शकतो. कापलाच तर 1033 या महामार्ग मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. मुंबईतून बाहेर पडतानाच्या वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर वगैरे पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून तसाही टोल नाही.

7. गाडी रेल्वेवर चढवून नेतात म्हणे?

हो. कोकण रेल्वेने 2025 च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा (गोवा) अशी सोय काढली, एका गाडीचे 7,875 रुपये. संध्याकाळी पाचला सुटायची, त्याच्या तीन तास आधी कोलाडला हजर राहायचं. नंतर कणकवलीजवळच्या नांदगावलाही गाड्या उतरवायची सोय केली. कल्पना चांगली आहे. पण कोलाडपर्यंत, म्हणजे पेण-वडखळच्या गर्दीतून, गाडी तुम्हालाच न्यायची आहे. पैसे तुमचे तुम्ही ठरवा. चालवणारा एकच असेल आणि जायचं सावंतवाडी-गोव्यापर्यंत असेल तर मी विचार केला असता. चिपळूणवाल्याला तिचा काही उपयोग नाही.

8. निघण्याआधी गाडीत काय बघून घेऊ?

टायर आणि वायपर. बाकीचं गॅरेजवाला बघेल, पण या दोन गोष्टींत तो ‘अजून चालतील’ म्हणतो. भाद्रपदातला पाऊस थांबतोय असं वाटतानाच पोलादपूरला धो धो येतो आणि जुना वायपर काचेवर नुसता तेलकट पट्टा ओढतो. स्टेपनीत हवा भरून घ्या, जॅक आणि पाना सामानाच्या वर ठेवा, तळाला नको. पंधरा नारळांखालून भर पावसात पाना काढणं काय असतं ते मला माहीत आहे.

सीएनजीवाल्यांनी पनवेलच्या आधी टाकी भरावी आणि पेट्रोलही अर्ध्याच्या वर ठेवावं. महामार्गावर सीएनजी मिळतो, पण गणपतीत पंपाबाहेरची रांग तासाच्या हिशेबात असते. विजेच्या गाडीचंही तेच, चार्जर असला तरी आधीच्या गाडीचं चार्जिंग व्हायला वेळ लागतो. गावच्या घरी चार्जिंग करायचं असेल तर वायरिंग जुनं आहे का ते काकांना आधी विचारा. आरतीच्या वेळी वीज गेली आणि कारण तुमची गाडी निघाली, तर ते पुढची वीस वर्षं ऐकाल.

9. मूर्ती मुंबईहून किंवा पेणहून गाडीतून नेली तर चालेल?

चालेल, अनेक जण नेतात. पण गावात गणपतीची शाळा असेल तर मूर्ती तिथलीच घ्यावी असं माझं मत. आमच्याकडे आधीच घरचा पाट शाळेत देऊन ठेवतात. त्या पाटावरच मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून डोक्यावर घेऊन घरी येते. पाटामागे खडूने घराचं नाव लिहिलेलं असतं. आमच्या पाटावर अजून पणजोबांचं आहे, अक्षर पुसलं की कोणीतरी परत गिरवतं.

न्यायचीच असेल तर मागच्या सीटवर ठेवू नका, ब्रेकला पुढे येते. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या जागेत चादरींच्या घड्यांवर बसवा, चारही बाजूंनी उशा लावा, चेहऱ्यावर मऊ सुती कापड. शाडूची मूर्ती जड आणि नाजूक, तिचे हात आणि सोंड आधी जपा. एसीचा झोत थेट नको. मांडीवर घेऊन बसायची हौस दोन तासांत फिटते.

वाटेत काही तुटलं तर घाबरू नका. प्राणप्रतिष्ठेआधीची मूर्ती असते, ती पाण्यात विसर्जित करून दुसरी आणतात. फक्त गावच्या शाळेत लगेच फोन करा, जादाच्या एक-दोन मूर्ती बहुतेक असतात.

10. बरोबर म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत. बायकांच्या शौचालयाचं काय?

रस्त्याचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि पुरुष तो विचारत नाहीत. मोठ्या उपहारगृहांत सोय असते, पण गर्दीच्या दिवशी तिथे रांग आणि पाणी संपलेलं. पहाटे निघालात तर पेट्रोल पंप बरे असतात. सणाच्या दिवसांत प्रशासन महामार्गावर ठिकठिकाणी सुविधा केंद्रं उभारतं, तिथे चहा, प्राथमिक उपचार, बसायला जागा असते. तिथे थांबायला लाजू नका. मिळालं की थांबायचं, ‘पुढे बघू’ म्हणायचं नाही. पुढे कोंडी असते.

आजी पाणी प्यायचंच टाळतात, म्हणजे थांबावं लागू नये. मग दुपारी त्यांना गरगरतं. लक्ष ठेवा. गोळ्यांचा डबा हाताशी ठेवा, डिकीत नाही. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ घड्याळाने पाळा, हॉटेलच्या नावाने नको. घरची घावनं-चटणी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असल्या की कोंडीत अडकूनही भांडण होत नाही. आणीबाणीत 112.

11. गावात गाडी कुठे लावायची?

पोचायच्या आधी फोन करून विचारा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून घर असेल तर गाडी वरच रस्त्याला राहणार आणि सामान डोक्यावरून जाणार, म्हणून चार मोठ्या बॅगांपेक्षा आठ छोट्या आणा. हिरवळीवर, शेताच्या कडेला गाडी घालू नका. वरून गवत, खाली चिखल. माझी गाडी एकदा पुढच्या चाकाने रुतली ती शेजारच्या दादांनी ट्रॅक्टरने काढली, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत वाडीत दुसरा विषय नव्हता. जांभ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) घासून वळवू नका, गडग्याला काही होत नाही. आणि एसटी वळायच्या जागेत तर मुळीच लावू नका. सकाळी सहाला चालक हॉर्न वाजवतो आणि सगळी वाडी तुम्हाला शोधत येते.

12. काकू म्हणते ‘काही आणू नका’. तरी काय न्यावं?

‘काय संपलंय?’ असं विचारा, मग खरं उत्तर येतं. आमच्याकडे दरवर्षी येणारी उत्तरं: चांगली अगरबत्ती, कापूर, दादरची शेवंती, आजोबांची डोळ्यांची औषधं, दिव्यांच्या माळा, गादीचे अभ्रे. पंचवीस माणसं एका घरात झोपणार म्हणजे स्वतःची चादर आणि उशी आणणं हीच मोठी भेट. मिठाईचे डबे सगळेच आणतात. चौथ्या दिवशी ते पडवीत एकावर एक पडलेले असतात आणि मुंग्या मोजत बसाव्या लागतात. नारळ मुंबईहून नेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

13. चुलतभाऊ आमच्या गाडीतून येणार. पेट्रोलचे पैसे मागावेत का?

निघायच्या आधी ठरवा. ‘मी पेट्रोल भरतो, तू जेवण बघ’ असं सरळ वाक्य गाडी सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे. नाहीतर तो लाजून काही बोलत नाही, तुम्ही लाजून मागत नाही आणि ते दिवाळीत कुणाच्या तरी बायकोच्या तोंडून निघतं. गणपतीच्या खर्चाची घरवार वर्गणी वेगळी, ती गावातल्या काकांच्या वहीत जाते. दोन्ही हिशेब एकत्र करू नका.

14. मित्राची गाडी घेऊन गेलो किंवा कुणाची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने घेतली तर?

मित्राच्या परवानगीने, तुमच्याकडे वैध परवाना असताना, त्याची गाडी चालवली तर विमा लागू राहतो. विम्याची मुदत आणि पीयूसी मात्र बघून घ्या. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी पैसे देऊन भाड्याने घेणं नियमाबाहेर आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाड्याने घ्यायची तर पिवळ्या प्लेटची घ्या, नाहीतर स्वतः चालवायला देणाऱ्यांची काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची.

15. सासर राजापूरला, माहेर चिपळूणला. दोन्हीकडे एकाच सुट्टीत जमेल?

अंतराने जमतं, वेळापत्रकाने जमवावं लागतं. चतुर्थी सासरी आणि वाटेत येता-जाता एक रात्र माहेरी, हे बहुतेकांचं होतं. माहेरचा मुक्काम जाताना ठेवा: चिपळूण अर्ध्या वाटेवर आहे, मुक्कामाने 3 मधला झोपेचाही प्रश्न सुटतो. परतीला ठेवलात तर कोंडीत उशीर होतो, आई जेवण झाकून बसते आणि तुम्ही रात्री अकराला पोचून सकाळी सहाला निघता.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष असेल तर गौरीचा ओवसा (नव्या नवरीने सुपांनी गौर पूजायची रीत) कुठे आणि कधी ते सासूबाईंना आधीच विचारा. सुपं, फळं, पानं ही तयारी गावात होते, पण नवी नवरी हजर हवी. गौरी चतुर्थीनंतर दोन-तीन दिवसांनी येतात, म्हणजे सोमवारी रात्री परत फिरायचा बेत अशा घरात चालत नाही. रजेचा अर्ज तसा टाका. जिथे गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो तिथे तर कोणी सोडणारही नाही.

16. आमचा दीड दिवसाचा गणपती. विसर्जन झालं की त्याच रात्री निघू?

नको. दिवसभर पळापळ, नदीवर भिजणं, वर उसळ-वडे, आणि मग दहा तास गाडी. निघालात तर 3 मध्ये लिहिलेलंच होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. दीड दिवसवाल्यांची परत यायची गर्दी तशी कमीच असते. खरी गर्दी गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या दुपारपासून सुरू होते, तेव्हा पाच दिवसवाल्यांनी 5 मधला फेरा परतीसाठी राखून ठेवावा.

17. निघायच्या दोन दिवस आधी भावकीत कुणी गेलं. सुतक आहे. जायचं का?

गणपतीचं काय करायचं ते गावचे भटजी आणि घरातली मोठी माणसं ठरवतात. काही घरांत सुतक नसलेल्याच्या हातून बसवतात, काही घरांत त्या वर्षी बसवतच नाहीत. तुम्ही फोनवर त्यावर मत देऊ नका. जायचं मात्र जरूर. आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. मखर अर्धं बांधून तसंच ठेवलेलं, शाळेतला पाट रिकामा परत आलेला. आम्ही सगळे पोचलो, आरती नव्हती, मोदक नव्हते. काकू सगळ्यांसाठी पिठलं-भात करत होती आणि दर गाडीचा आवाज आला की पदराला हात पुसत दारात येऊन बघत होती, आता कोण आलं.